यादीत नाव माझं होतं

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. ह्यांना ठाऊक नाही, माहेरी ठाऊक नाही. देवापुढं हात जोडतानाही मी तिच्या कडेकडेनंच गेले — सगळ्यांना सुखी ठेव म्हणाले आणि उठले. तुला लिहून सांगते आहे. तू कोण, मला माहीत नाही. तुझं तोंड मला दिसत नाही, म्हणून जमेल बहुतेक.

मी बोलणारी बाई नाही. चार बायकांत बसले की माझा घसा बंद होतो. माहेरी लाजाळू म्हणायचे, सासरीही तेच म्हणतात, आणि कौतुकानं म्हणतात — गरीब आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. न बोलणाऱ्या माणसाच्या हातून वाईट होत नाही, असं लोकांना का वाटतं?

कुठून सुरू करू? मॅडमपासून करते.

आमचं गाव हिंजवडीजवळ, नांदे गावाच्या पुढं. शेतं होती तिथं आता इमारती आहेत. आम्हीही घरामागं खोल्या काढल्या आणि भाड्यानं दिल्या. त्यातल्या एका खोलीत वैशाली मॅडम आणि त्यांचे मिस्टर राहायला आले. परभणीकडचे. मिस्टर हिंजवडीला कंपनीत, मॅडम राज्यशास्त्र घेऊन एम.ए. झालेल्या, पण इकडं नोकरी मिळाली नव्हती. माझी कोमल तेव्हा बारावीला होती. तिच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला कुणी येतच नव्हतं. पोर पुस्तक उघडून पानाकडं बघत बसायची. मॅडमनी ते एक-दोनदा पाहिलं आणि आपणहून म्हणाल्या, हिला मी शिकवते. एकटीला.

दुपारी कोमल कॉलेजातून आली की आमच्या पडवीत शिकवणी चालायची. मी शेजारी काहीतरी निवडत बसायची — मेथी, तांदूळ, काही नसलं तर निवडलेलंच पुन्हा. मी चौथीपर्यंत शिकले. पुढं शाळा ओढ्यापलीकडं होती आणि घरात धाकटी भावंडं. पण ते जाऊ दे, त्याचा इथं काही संबंध नाही.

मॅडमची पद्धत निराळी होती. त्या उत्तर सांगायच्याच नाहीत. वाचलंस त्यात तुला काय पटलं नाही, ते आधी काढ, म्हणायच्या. सुरुवातीला कोमल नुसती पेनाचं टोपण चावायची. माझीच मुलगी ती. मग हळूहळू बोलायला लागली, आणि लागली ती थांबेना. राज्यपालांना काम काय असतं, यावरून तिनं मॅडमशी असा वाद घातला की मी हातातली जुडी तशीच धरून बसले होते. माझ्या पोटी हा आवाज कुठून आला? मला अभिमान वाटायचा. आणि खरं सांगू — थोडा हेवासुद्धा.

एक दिवस धडा होता ग्रामसभेचा. मॅडम म्हणाल्या, आपण इथंच भरवू. त्या सरपंच झाल्या, कोमल ग्रामसेवक. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ताई, तुम्ही गाव."

कोमल म्हणाली, "मॅडम, हे गाव मुकं आहे."

हसलो तिघीही. मग मॅडमनी नियम सांगितले. ज्याचं नाव मतदार यादीत, तो ग्रामसभेचा सदस्य, त्याला विचारायचा हक्क. आणि ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी सभा घ्यायची असते, कायद्यातच आहे तसं. हे ऐकलं आणि माझा हात थांबला.

आमच्या ओढ्यावर धुण्याची जागा होती. सपाट मोठे दगड, वर उंबराची सावली. सासूबाई तिथं धुवायच्या, त्यांच्या सासूबाईही. या शिकवणीच्या आदल्या उन्हाळ्यात तिथं पत्रे ठोकले गेले. पलीकडं इमारतींचं काम निघालं होतं, त्यांना त्या बाजूनं रस्ता हवा होता. ग्रामसभेत वाचून दाखवलं होतं की महिलांच्या सभेनं या रस्त्याला संमती दिली. मी होते तेव्हा, मागं बसले होते. पुरुषांचे हात वर झाले तसे आम्हा बायकांचेही झाले, माझाही. मला वाटलं, झाली असेल कुठंतरी सभा, मोठ्या बायकांची. आपल्याला कोण बोलावतंय?

आणि त्या दिवशी पडवीत, मेथीच्या देठांत, मी तोंड उघडलं. आपल्या बोलीतच निघालं ते. "मग वढ्याची जागा दिली तवा बायकांची सभा झाली कवा? आमाला कुणी बलिवलंच न्हाई."

मॅडमनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "ताई, हा खरा प्रश्न आहे. हा तुम्ही ग्रामसभेत विचारा." कोमल म्हणाली, मीच विचारते. मॅडमनी तिला तिथल्या तिथं सांगितलं — तू अजून अठराची नाहीस, यादीत तुझं नाव नाही, तू उभी राहिलीस तर तुला बसवतील आणि प्रश्नही बसेल. हा हक्क आईचा आहे. अगदी स्पष्ट सांगितलं. मी समोर होते. मी ऐकलं.

ऐकलं हे लक्षात ठेव. सगळं त्यावरच आहे.

ग्रामसभा जवळ आली. सरपंच माझी जाऊ होती. म्हणजे खुर्चीवर ती, बोलायचे भाऊजी, माझे थोरले दीर. जमीन अजून एकत्र, ह्यांचा त्यांच्यापुढं शब्द नाही. मी उठून उभी राहणार? मी? आदल्या दिवशी मी कोमलला जवळ घेतलं आणि म्हणाले, मला नाही जमायचं, तुझा आवाज मोठा आहे, तू विचार. ती म्हणाली, मॅडम नको म्हणाल्यात. मी म्हणाले, यादी कोण बघतंय, सगळी घरचीच माणसं. ती तरीही तयार नव्हती. मग मी म्हणाले, एवढं शिकून आईसाठी एक वाक्य बोलता येत नाही का?

झाली तयार.

सभा शाळेच्या पटांगणात होती. बायका मागं सतरंजीवर. विषय संपत आले तेव्हा कोमल उठली. वाक्य सरळ आलं. ओढ्याच्या जागेसाठी महिलांची सभा झाली ती कधी झाली, कुठं झाली? माझाच प्रश्न, शुद्ध मराठीत. बायकांमध्ये चुळबुळ झाली. कुणीतरी हळूच "व्हय की" म्हणालं. एवढ्याशा वेळेपुरतं मला वाटलं, झालं, जमलं.

भाऊजी चिडले नाहीत. हसले. म्हणाले, "यादीत नाव हाय का गं तुझं?" ती नाही म्हणाली. पुरुष हसले. मग त्यांचं हसू गेलं. "मग ह्यो इचार कुणाचा? कुणी शिकिवलं हिला? हिच्या आईला इचारा."

धाकट्या भावाच्या बायकोशी ते थेट बोलत नाहीत, आमच्यात रीतच तशी आहे. ते हवेत बोलले आणि सगळी सभा वळून माझ्याकडं बघायला लागली. कोमलही. तिनं काही सांगितलं नाही. ती वाट बघत होती. तिला वाटलं असेल, आता आई उठेल. यादीत आईचं नाव आहे. आता आई म्हणेल, विचार माझा आहे.

मी पदर पुढं ओढला आणि म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं? खोलीत राहत्यात त्या बाई शिकिवत्यात तिला."

ग्रामसभेत मी आयुष्यात एकदाच बोलले. ते हे.

शब्दनशब्द बघितला तर खोटा नाही. त्या शिकवत होत्या. पण मी बोट कुठं दाखवलं, ते सगळ्यांना समजलं आणि मला आधी समजलं. पुढचं काम गावानं केलं. बाहेरची बाई येऊन आमच्या पोरी बिघडवती, घराघरात भांडणं लावती — बघता बघता हे सगळीकडं झालं. भाऊजींनी ह्यांना खोली रिकामी करून घ्यायला सांगितलं. ह्यांनी मला विचारलं, खरंच त्यांनी शिकवलं होतं का? तेव्हा बोलता आलं असतं. घरात, एकट्या नवऱ्यापुढं. तिथं तर माझा घसा बंद होत नाही. मी म्हणाले, तसंच दिसतंय.

गावात दुसरी खोली त्यांना कुणी दिली नाही. बावधनला जागा मिळाली असं कळलं. टेम्पो भरून झाला तेव्हा मॅडम किल्ली द्यायला आल्या. कोमल आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. मॅडम उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ताई, मी तिला नको म्हटलं होतं. तुमच्यासमोर म्हटलं होतं ना?"

मी म्हणाले, "चहा घ्या की."

 त्यांनी किल्ली कट्ट्यावर ठेवली आणि गेल्या.

परीक्षा तोंडावर आली होती. कोमल राज्यशास्त्राच्या पेपरालाही गेली, पण लवकर बाहेर आली. तो विषय राहिला. पुन्हा बसली नाही. मॅडम म्हणायच्या, ही वकील होईल. मी एकदाच विषय काढायला गेले, म्हणाले, कोमल, त्या दिवशी... ती भाकरी थापत होती. म्हणाली, "जाऊ दे आई." रागानं नाही. राग असता तर मी धरून ठेवला असता. त्यात काहीच नव्हतं.

आता ती माले गावात आहे, तिच्या सासरी. अठरा पूर्ण होऊन वर्षं झाली, यादीत नाव आहे. ग्रामसभेला सासूबरोबर जाते आणि सगळ्यांचे हात वर झाले की तीही करते. तिनंच सांगितलं, मी विचारलं तेव्हा. मी विचारायला नको होतं.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडं गेले होते. कोमल पाणी देऊन आत गेली. विहीणबाई माझ्याजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "पोर लई गुणाची हाय तुमची. कवा उलटून इचारीत न्हाई. आईचं वळण म्हणायचं." भिंतीपलीकडं भांड्यांचा आवाज थांबला होता. कोमलला ऐकू जात होतं.

मी म्हणाले, "व्हय."