कुंपणावरचा हनीसकल

टूनगॅबीकर मंडळी, आज मी असा गाढवपणा केलाय की तो निस्तरता येणार नाही.

उद्या आमच्या भाड्याच्या घराचं इन्स्पेक्शन आहे, एजंट घर-अंगण तपासायला येणार. मागच्या कुंपणावर हनीसकलचा वेल माजला होता. इथे सिडनीत त्याला तण समजतात. म्हणून सकाळी आई अंघोळीला गेली तेवढ्यात मी तो मुळापासून कापला, वर तणनाशकही मारलं.

पुण्याहून आलेल्या माझ्या आईला इंग्रजी येत नाही. शेजारच्या चिनी आजींनाही येत नाही. तरी दोघी रोज सकाळी त्या वेलापाशी अर्धा तास असायच्या. आई देवासाठी उमललेली फुलं घ्यायची, कळ्या आपण वाहत नाही. आजींना औषधासाठी कळ्याच लागायच्या. भांडण व्हायचा प्रश्नच नव्हता.

आज आई ताटली घेऊन आली, आजी वाडगा घेऊन. कुंपणावर वेलच नव्हता. मी "सॉरी" म्हणाले, ते दोघींनाही कळलं.

आजी आत जाऊन वाळवलेल्या कळ्यांची बरणी घेऊन आल्या, आईच्या हातात दिली आणि परत गेल्या.

आईने बरणी देवाजवळ ठेवली. म्हणाली, "माझं परतीचं तिकीट जरा अलीकडचं मिळतंय का बघ."

उद्या कुंपण स्वच्छ दिसेल. आईला काय सांगू?