इंगळे मॅडमचं वर गेलेलं बोट

इंगळे मॅडमनी कुठल्याही प्रश्नाला नुसतं 'हो' असं उत्तर दिलेलं मी ऐकलं नाही. 'हो' म्हणायच्या, उजव्या हाताचं बोट वर करायच्या, एक श्वास घ्यायच्या, आणि मग यायचा 'पण'. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या, मी रसायनशास्त्र. डबा खाताना एखादीनं सहज विचारलं, "मॅडम, दही पोटाला चांगलं ना?" की मधली सुट्टी गेलीच म्हणून समजा. कोणतं दही, त्यात कोणते जीवाणू, कोणाचं पोट. लग्नाच्या वेळीही तुम्ही 'हो, पण' म्हणाला असाल, असं मी चिडवायची. "म्हणूनच तर झालं नाही," असं म्हणून त्या माझ्याआधी हसायच्या.

अकोल्याला जठारपेठेत राहणारा धाकटा भाऊ प्रकाश हाच त्यांचा संसार. आईच्या मागे त्यांनीच त्याला वाढवलं होतं. त्याला मोठ्या आतड्याच्या सुजेचा जुना आजार होता. शरीराची राखण करणारी फौज आपल्याच आतड्यावर तुटून पडते, व्रण होतात, रक्त जातं. गोळ्यांनी हे सगळं दबून होतं. मॅडम दर रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरून त्याच्याकडे जायच्या आणि चपला काढता काढता विचारायच्या, "गोळ्या घेतल्या?"

मग चांगल्या जीवाणूंची पावडर विकणारे लोक व्याख्यानाचं आमंत्रण घेऊन आले. "मी नाही गेली तर कोणीतरी थापाड्या जाईन," म्हणून मॅडम गेल्या. मी समोरच बसले होते. "आतड्यातली फौज म्हणजे दारातलं कुत्रं," त्या म्हणाल्या. "चांगले जीवाणू रोज येणाऱ्या दूधवाल्यासारखे असतात. त्यांच्यामुळं कुत्र्याले समजते कोणावर भुंकायचं न् कोणावर नाही. फौज शांत राहते, सूज उतरते." मग बोट वर गेलं. "पण कुत्रंच पिसाळलं असन, तर दूधवाला काय करणार? तिथं औषधच लागते. आतड्याच्या आजाराच्या गोळ्या कोणी बंद करू नका."

त्या लोकांनी व्हिडिओ केला तो 'सूज उतरते'पर्यंतच. बोट वर गेलं की व्हिडिओ बंद, आणि खाली पावडरीचा डबा. मॅडमनी फोन केला तर पलीकडचा पोरगा गोड आवाजात म्हणाला, "लोक लांबलचक बघत नाहीत ना, मॅडम." नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र तो सगळ्यांनी बघितला. आमची ताई टीव्हीवर आल्यासारखं झालं सगळ्यांना.

प्रकाशनंही बघितला. त्यानं गोळ्या सोडल्या आणि पावडर सुरू केली. हे कळलं तेव्हा मॅडमनी स्टाफरूममधूनच त्याला फोन लावला.

"काहून सोडल्या गोळ्या? मी सोडा म्हटलं होतं का?"

"ताई, तूच तर सांगून राहिली व्हिडिओत. सूज उतरते म्हणून."

"ते अर्धंच हाय, प्रकाश. पुढचं कापलं त्यांनी. आता मी सांगून राहिली ना तुले, आजच सुरू कर."

तो हसला. "घरी तू बहीण असतं, ताई. भिऊन बोलतं. स्टेजवर तू शास्त्रज्ञ असतं. मी त्या शास्त्रज्ञाचं ऐकून राहिलो."

मॅडम तशाच अकोल्याला गेल्या. त्यांच्यासमोर त्यानं गोळी घेतली, त्या परतल्या की पुन्हा सोडली. आधी त्याला बरंही वाटलं म्हणे. दबलेला आजार उसळायला थोडा वेळ घेतो, एवढंच ते बरं वाटणं. मग रक्त सुरू झालं, ताप आला, आतडं फुगलं आणि दवाखान्यात नेईस्तोवर फुटलं. ऑपरेशन झालं. प्रकाश गेला.

गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावते. पावडरवाल्यांना तर मी रोज शिव्या देते, पण ज्या बाईनं त्याला न्हाऊमाखू घालून मोठं केलं, तिच्या तोंडच्या शब्दापेक्षा त्याला मोबाइलमधली ती बाई खरी वाटली, हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

तेरवीला मी अकोल्याला गेले. पंगत उठल्यावर धामणगावच्या एक मावशी मॅडमजवळ येऊन बसल्या. चांगल्या, प्रेमळ बाई. मॅडमचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "प्रकाशचं लय वाईट झालं, बाई. तुहा व्हिडिओ मात्र लय छान हाय. माह्या जावयालेही आतड्याचाच त्रास हाय, त्याले पाठवला मी." आणि त्यांनी तिथंच मोबाइल काढून तो लावला. कुत्रं आलं, दूधवाला आला, सूज उतरली. बोट वर गेलं आणि व्हिडिओ थांबला.

मॅडमनी मोबाइलकडे बघतच कापलेलं वाक्य म्हटलं, "पण आतड्याच्या आजाराच्या गोळ्या कोणी बंद करू नका." मग मावशींकडे वळून म्हणाल्या, "मावशी, जावयाले आत्ता फोन लाव."

मावशींनी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा शेवटपर्यंत बघितला आणि मायेनं मॅडमच्या पाठीवरून हात फिरवला.

"असं तर यात कुठंच नाही, बाई. तू आता दुःखात हाय."