पाचवीच्या तासाला फोडलेला माठ

दुष्काळाच्या वर्षी मी शाळेतला पाण्याने भरलेला माठ रूळ मारून फोडला. हातातून निसटला वगैरे नाही. चांगला नेम धरून, अख्ख्या पाचवीसमोर फोडला. मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून हेडमास्तर बसले होते, त्यांच्यादेखत. नातवंडं विचारतात, आजी, तू तेव्हा वेडी होतीस का? वेडी नव्हते. ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते. त्याला औषध नसतं.

त्यात मी भिंगारची. लहानपणापासून लष्कराच्या कवायतीचे हुकूम कानावर पडलेले, त्यामुळे इंग्रजी ही आमच्याच आळीची भाषा आहे अशी माझी पक्की समजूत. नेमणूक झाली पाथर्डीकडच्या एका गावात. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी पहिलीचा वर्ग आणि शिवणाचा तास माझ्यापुढे ठेवला. बाईमाणसाला इंग्रजी झेपत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, पाचवीचं इंग्रजी द्या, नाहीतर शिवणाच्या सुईला हात लावणार नाही. मिजास एवढी, आणि पहिला पगारसुद्धा अजून हातात पडायचा होता! शेवटी असं ठरलं की त्यांनी माझा एक तास बसून पाहायचा. मुलांना कळलं तर इंग्रजी माझं. नाही कळलं तर मी पहिलीत.

मी क्रियापद निवडलं ‘ब्रेक’. आपल्याकडे काडी मोडते, दोरा तुटतो, मडकं फुटतं. इंग्रज हे सगळं एकाच शब्दावर भागवतो, वर दिलेलं वचनही त्याच शब्दाने मोडतो. भाषांतर करायचं नाही, करून दाखवायचं, असं कॉलेजात शिकवलं होतं. ‘आय ब्रोक’ म्हणत मी काडी मोडली, खडू मोडला, दोरा तोडला. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. हेडमास्तरांनी जांभई दिली. त्या जांभईने माझं डोकं फिरलं. कोपऱ्यात एक माठ होता, मी आल्यापासून कोरडाच. मी टेबलावरचा हेडमास्तरांचा लाकडी रूळ उचलला आणि घातला त्याच्या पोटात.

खरं म्हणजे फोडणं दाखवायला मडकं कशाला हवं होतं? मुलांचे आईबाप दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडत होते, तो आवाज खिडकीतून वर्गात येत होता. पण मी शिकलेली. खिडकीबाहेर बघायचं मला कुणी शिकवलं नव्हतं.

पाणी सारवलेल्या जमिनीवर पसरलं आणि जमिनीने ते पिऊनही टाकलं. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने मला खालच्या आवाजात सांगितलं की आज तुमचा तास बघायला हेडमास्तर बसणार, बोलून बोलून बाईंचा घसा सुकेल, म्हणून मुलींनी सकाळी घरून तांब्या-तांब्या पाणी आणून माठ भरला होता. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती ओल्या जमिनीकडे बघत होती.

हेडमास्तर उठले. सोमवारपासून पहिली घ्या, म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण लाज वाटणं वेगळं आणि माघार घेणं वेगळं. मी म्हटलं, आधी मुलांना विचारा. त्यांनी खापरांकडे बोट दाखवून विचारलं, काय झालं, इंग्रजीत सांगा. अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, “बाई ब्रोक द पॉट.”

हेडमास्तरांना हसू आवरावं लागलं. मग म्हणाले, “ठीक. आता पाणी कोण भरणार?”

“मी. नवा माठ आणून, रोज शाळा भरायच्या आत. पाऊस पडेपर्यंत.”

“हे वचन ब्रेक झालं की तास माझा.”

नगरच्या ट्रेनिंग कॉलेजची बाई दुसऱ्या दिवशी घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिली. बायकांनी मला जागा दिली नाही, टोमणे मात्र भरपूर दिले. त्या पहिल्या रांगेतल्या मुलीची आई खडीवर कामाला जायची; तिची जीभ सगळ्यांत धारदार. फोडायला निघालात का भरायला, असं ती रोज विचारायची. डोक्यावर घागर मला कधी पेलली नाही. अर्धं पाणी पदरावर, पाव रस्त्यावर, उरलेलं शाळेत. हेडमास्तर रोज वर्गात येऊन माठाचं झाकण उचलून बघायचे. सवलतीचा मी कधी चकार शब्द काढला नाही.

मग एक दिवस टँकर आलाच नाही. हेडमास्तरांनी निरोप धाडला की आज राहू द्या, तास मी घेतो. तो निरोप ऐकून मी घागर उचलली आणि बायकांमागे नदीकडे चालू लागले. वाळूत खणलेल्या झिऱ्यात हळूहळू पाणी जमायचं. वाटीने ते भरून घ्यायचं. माझा नंबर शेवटचा. शाळेची घंटा वाजायची वेळ होत आली आणि माझ्या घागरीत जेमतेम तळ झाकला होता. तेव्हा त्या खडीवालीने आपल्या हंड्यातलं पाणी माझ्या घागरीत ओतलं, आणि घागर उचलून स्वतःच्याच डोक्यावर घेतली. मी मागून पळत होते.

घंटा होतानाच आम्ही फाटकात पोहोचलो. हेडमास्तरांनी माठात पाणी पडताना पाहिलं, टेबलावरचा रूळ उचलून खणात ठेवला आणि पहिलीच्या वर्गावर स्वतः गेले. पाचवीचं इंग्रजी त्यानंतर कुणी माझ्याकडून परत मागितलं नाही.

त्या बाईचे आभार मानायला मी तोंड उघडलं. तिने डोक्यावरची ओली चुंबळ काढून पिळली, वर्गात बसलेल्या आपल्या लेकीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “त्ये ऱ्हाऊ द्या, बाई. उद्याच्याला काय शिकवनार हाय, त्ये आदुगर सांगा. मंजी आमी भांडी आत ठिवतो.”