बेटावर न गेलेले पॉसम

दोन वर्षं शेजारच्या सीटवर बसून प्रवास केला, तरी सुचित्राबद्दल मला खरं फारच थोडं ठाऊक आहे. पुण्यात तिचं घर कुठे, हेसुद्धा विचारायचं राहून गेलं. मी मुळात अबोल, लिहायची सवय तर नाहीच. कानावर पडलं तेवढं लिहितो.

शारजात अल मजाजला आम्ही एकाच टॉवरमध्ये राहायचो. सकाळी ती मला दुबईत रास अल खोरला आमच्या गोदामापाशी सोडून पुढे तिच्या लॅबमध्ये जायची. ती जनावरांची डॉक्टर, मेलेल्या प्राण्यांच्या अवयवांचे काप तपासून रोग ओळखणारी. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की तिची बोटं स्टिअरिंगवर वाजू लागत. मी गप्पच असायचो. मग म्हणायची, "काका, एवढं बोलू नका, दमाल."

मागच्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियातल्या एका टीमने तिला पॉसमच्या मेंदूच्या कापांचे फोटो पाठवले. पॉसम म्हणजे झाडावर राहणारा मांजराएवढा प्राणी, पिल्लाला पोटाच्या पिशवीत वाढवतो. तिथल्या जंगलात काही पॉसम झोकांड्या खात मरत होते. पुण्यात भटकी कुत्री तपासलेल्या सुचित्राने आधी रेबीजचं नाव घेतलं. तो आमच्याकडे पॉसमना होत नाही, असं म्हणून ते लोक हसले. त्यांच्या मते कुणीतरी विष घातलं होतं. तिला मात्र मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांभोवती सूज दिसत होती. हा संसर्गच, असं ती म्हणायची, पण जंतू काही सापडत नव्हता.

तिला घोर होता तो धडधाकट पॉसमांचा. त्याच जंगलातले आठ पॉसम तिथली संख्या वाढवायला पकडून एका बेटावर सोडायचे होते, आणि बेटावरचे पॉसम अजून निरोगी होते.

एका सकाळी आम्ही शारजातच अडकलेलो असताना त्या टीममधल्या एकाचा फोन गाडीच्या स्पीकरवर आला. बोट उद्या निघणार होती. आता थांबवलं तर हंगाम जाईल, पिंजऱ्यात जनावरं खचतील, असं तो माणूस सांगत होता. सुचित्राने फोन म्यूट केला.

"काका, तुम्ही काय केलं असतं?"

"मला त्यातलं काय कळतं?"

"मलाही नक्की कळत नाहीये. तीच तर पंचाईत आहे."

मग तिने त्याला इंग्रजीत सांगितलं, की बोट जाऊ देऊ नका. माणसाला चावलेलं कुत्रं धडधाकट दिसलं तरी आम्ही नजरेखाली ठेवतो, तसे हे ठेवा. तो वैतागला, पण बोट थांबवतो म्हणाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तर ती आरशात बघून अरबीत "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, करत उगाच खेकसली.

त्यानंतर ती प्रत्येक सिग्नलला फोन बघायची आणि मी खिडकीबाहेर. काही आठवड्यांनी आठातला एक पिंजऱ्यातल्या फांदीवरून पडला. मग दुसरा. मी अभिनंदनासारखं काहीतरी पुटपुटलो.

"बेट वाचलं, काका," ती म्हणाली. "पण हे आठ काही वाचणार नाहीत." त्या दिवशी बोटं वाजायची थांबली नाहीत.

जंतू शोधायला त्या टीमने तिलाच ऑस्ट्रेलियाला बोलावून घेतलं. तो सापडला की नाही, मला माहीत नाही. जायच्या आदल्या संध्याकाळी ती लिफ्टपाशी भेटली.

"उद्यापासून बसने ना, काका?"

"हो."

"डावीकडे बसू नका. ऊन येतं."

"बरं."