बिळातला भात

अप्पांना वर्षातले चारच महिने शेतावर राखणीचं काम मिळे. उरलेले महिने आम्ही उंदरांच्या जिवावर काढले, हे शहरात राजवाड्याजवळ राहणाऱ्या नातेवाइकांना आई कधी कळू देत नसे. कालव्याकाठी उंदीर-साप धरणाऱ्या इरुळर आदिवासींची वस्ती होती. तिथल्या म्हातारीला आम्ही पाट्टी, म्हणजे आजी, म्हणायचो. कापणी झाली की ती बांधावरची बिळं खणून उंदीर धरी. उंदीर तिच्या चुलीवर जात. त्यांनी बिळात साठवलेल्या लोंब्यांतला अर्धा वाटा ती आईच्या पदरात टाकी. तो भात खाऊन मी घरातली पहिली पदवीधर झाले, प्राणिशास्त्रात. सांगायला लाज कसली?

मग मालकांनी उंदरांसाठी निळं औषध आणलं. अप्पाच ते कणीत कालवून बिळांच्या तोंडाशी ठेवू लागले. उंदीर लगेच मरत नसत, नुसते झिंगत. पाट्टी खूश. "बघ, आता पळतसुद्धा नाहीत! म्हातारीची दया आली त्यांना."

मला ते बरं दिसेना. एक उंदीर मागून नेला, माझ्या जुन्या कॉलेजात फाडला. पोटात रक्तच रक्त.

तशीच वस्तीवर धावले. पाट्टीची गरोदर लेक दारात बसून रक्त थुंकत होती. बाजूच्या टोपात बिळातला भात भिजत होता, पाणी निळसर. आमचा वाटा अजून तिच्याच अंगणात वाळत होता.

"पाट्टी, हे खाऊ नकोस. उंदीरही नको. विष आहे."

"मग काय खाऊ, तुझं सर्टिफिकेट?"

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? औषधाचं नाव मी सांगितलं. लेक वाचली. पोटातलं मूल गेलं.

घरी येऊन म्हटलं, "अप्पा, आता कालवू नका."

"मी नाही तर दुसरा कालवेल. माझं काम तेवढं जाईल. मग खायचं काय?"

"आजवर कोणाच्या हातचं खाल्लं?"

अप्पा उठले. मालकांना सांगून आले. काम गेलंच. मीही औषधाचा रिकामा डबा घेऊन, ते बंद करा म्हणायला, मालकांच्या ओसरीवर कितीदा गेले. "शिकलीस म्हणून मला शिकवतेस?" मालक म्हणत. तरी जात राहिले. शेवटी कंटाळून म्हणाले, "बरं, त्या म्हातारीलाच खणू दे."

त्या एका शेतात आता औषध पडत नाही. शेजारच्या शेतांत अजून पडतं.