मुठीतला बर्फ

शाळेच्या बाई चौथीची मुलं घेऊन माझ्या बर्फाच्या कारखान्यात आल्या. त्यांनी अर्धा तास मागितला, मी घासाघीस करून वीस मिनिटांवर आणला. थंडी मिळाली की पाण्याचा बर्फ होतो, ऊब मिळाली की परत पाणी, आणि वाफ होऊन उडालेलं पाणीही परत येतं, असं त्या शिकवत होत्या. मला पाण्याचा हेवा वाटला. हा कारखाना मी शून्यातून उभा केला आणि धाकट्या भावाने वाटणीवरून चार लोकांत मला चोर म्हटलं. मी त्याला त्याच दिवशी बायकामुलांसकट घराबाहेर काढलं. बारा वर्षं झाली, कोणीच परत आलं नाही.

मुलं निघाली तेव्हा मी प्रत्येकाच्या हातावर बर्फाचा खडा ठेवत गेलो. शेवटच्या मुलीने हात पाठीमागे घेतले. नाक थेट भावाचं. ही त्याची नात.

"घे गं."

"आजोबांनी सांगितलंय, तुमच्याकडून काही घ्यायचं नाही."

खडा माझ्याच मुठीत राहिला. बोटांतून पाणी गळू लागलं तसं बाईंनी माझा हात दाखवला. "बघा मुलांनो, स्थायूचा द्रव होतोय."

सगळी मुलं बघायला जवळ आली. तीही आली.