शंभराला एक

इमामचाचा संगणकावर चित्र काढायचे तेव्हाही त्यांची लाकडी पट्टी शेजारी लागायची. पट्टी नसली की हात अडायचा.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तीस वर्षं त्यांनी लाकडाचे पॅटर्न केले. वस्तू आधी लाकडात घडवायची, वाळूत तिचा ठसा घ्यायचा, मग त्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. पुढं पॅटर्न यंत्रावर कापले जाऊ लागले आणि लाकडाचं खातं बंद झालं. बावन्नाव्या वर्षी चाचा पडद्यावर चित्र काढायला शिकले. त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळायचं. त्याला एक मालक नव्हता. जगभरची माणसं ते हौसेनं घडवत होती. चाचांना हे फार आवडलं. गावाच्या विहिरीचं पाणी काढायला लाज कसली, असं म्हणायचे.

विहिरीत आपलीही एक घागर पडावी म्हणून त्यांनी मराठीत बावीस व्हिडिओ धडे केले. खिडकीला चादर, पंखा बंद, गळ्यात घाम पुसायला टॉवेल.

आदितीची आणि त्यांची ओळख जिन्यावरची. राजारामपुरीत चाचा राहायचे त्याच इमारतीत खाली क्लास होता. तिथं ती मराठी शिकवायची. वयात तीस वर्षांचं अंतर, पण मैत्री झाली. धड्यांची काटछाट तिच्याकडं आली आणि इंग्रजी पत्र लिहिणंही. मराठीत एवढी शिकलीस म्हणजे इंग्रजी उरलंच असंल की थोडं, असं म्हणून त्यांनी तिला कामाला लावलं.

पत्र लिहायचं होतं सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांना. त्यांच्या संकेतस्थळावर एक पान होतं. बाहेरच्या लोकांनी केलेली पुस्तकं, धडे, वर्ग यांची ती यादी. हे आमचं नव्हे, पण शिकायला चांगलं आहे, असं त्यावर लिहिलेलं. मराठीतलं तिथं काहीच नव्हतं. चाचांचे धडे पाहिले होते चाळीस जणांनी, त्यातले निम्मे पाहुणे. शिरोलीतली पोरं म्हणायची, त्या पानावर असलं तर खरं. म्हणून चाचांना त्या यादीत जायचं होतं. दुसरं काही नको होतं.

पाठवायच्या आधी आदितीनं पहिला धडा ऐकायला घेतला. अकरा मिनिटांचा. सुरुवातीला खोकला. मग त्यांच्या उस्तादाची गोष्ट. मग स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, सलमाचाचींचा आवाज. तिनं पुढं ऐकलं नाही. पडद्यावर चित्र सुरू होईपर्यंतची पहिली चार मिनिटं कापली. लांबलेली प्रस्तावना कापावी, एवढं तरी तिला पदवीनं शिकवलं होतं.

"सुरुवात थोडी कमी केलीय, चाचा."

"कर की. शिकलेली तू हाईस."

पत्र फेब्रुवारीत गेलं. मार्चमध्ये चाचांना छातीत दुखलं आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. त्याच आठवड्यात उत्तर आलं. सौजन्यानं लिहिलेलं. धडे मेहनतीचे आहेत, पण शिकवणारा कागदावर दोनशे दाखवतो आणि पडद्यावर दोनशे दोन टाकतो. प्रत्येक धड्यात असंच. चुकीची मापं आम्ही शिकणाऱ्यांपुढं ठेवू शकत नाही. दुरुस्त केलंत तर आनंदानं पुन्हा पाहू.

आदितीनं धडे उघडून पाहिले. खरंच होतं. चाचांची नजर अधू झाली, असं तिला वाटलं. तीस वर्षं मापात घालवलेल्या माणसाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? बरे होऊ देत, मग सांगू, असं तिनं ठरवलं.

चाचा घरी आले. जिन्यात गाठ पडली की विचारायचे, आलं का उत्तर. ती नाही म्हणायची. त्यावर तेच तिची समजूत काढायचे. येईल. लोकांना कामं असतात. फुकट करत्यात बिचारे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते गेले. आदल्या दिवशीही त्यांनी विचारलं होतं.

चाळिसाव्या दिवसानंतर सलमाचाचींनी त्यांची पट्टी आदितीला दिली. घरात दुसरं कुणी ती हातात धरणार नव्हतं. आदितीनं ती क्लासात नेली. फळ्यावर तीस सेंटिमीटरची रेघ ओढली. मग त्याच रेघेवर एका मुलीनं आपली पट्टी ठेवली आणि म्हणाली, टीचर, तीन मिलिमीटर जास्त आहे. पट्टी जुनी आहे, आदिती म्हणाली. मग तिनं दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या. झिजून पट्टी लहान होईल. मोठी कशी होईल? तीनशे मिलिमीटरला तीन, तर दोनशेला दोन.

वर्ग सोडून तिनं पुरती न ऐकताच कापलेली चार मिनिटं शोधली. लॅपटॉपमध्ये होती.

"चहा गार व्हायलाय," सलमाचाची आतून सांगत होत्या.

"हू दे. शिकवायलोय न्हवं." मग चाचांचा आवाज जवळ आला. "तर पोरांनो, बीड थंड झालं की आखडतंय. शंभराला एक जातंय. म्हणून कागदावर दोनशे असलं तर आपण दोनशे दोन धरायचं. आमची पट्टीबी तशीच असती, मोठी. जाणार हाय ते आधीच धरायचं. हे एकदाच सांगतो, परत सांगणार न्हाय."

त्यांनी परत सांगितलं नव्हतं.

आदितीनं अख्खा धडा पाठवला आणि आपली चूक लिहिली. उत्तराला दोन दिवस लागले. माफी मागितली होती. यादीत मराठी हा शब्द आला होता आणि त्यापुढं इमाम मुजावर.

ती जिना चढून वर गेली. चाचींना पान दाखवलं. त्यांनी नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, कधी आलं उत्तर. परवा, असं म्हणता आलं असतं. आदितीनं मार्चपासूनचं सगळं सांगितलं. काय कापलं, काय लपवलं.

चाचींनी खिडकीकडं पाहिलं. चादरीचे खिळे तिथं अजून होते.

"एकदा विचारायचं हुतंस की त्यास्नी," त्या म्हणाल्या. "एका शब्दाचं काम हुतं."

आदितीनं पट्टी पिशवीतून काढून त्यांच्यापुढं ठेवली. चाचींनी ती परत तिच्याकडं सरकवली. मग म्हणाल्या, ते चहाचं लाव.

तिनं लावलं. खोकला, उस्ताद, मग चहा. चाचींनी ते तीनदा ऐकलं. चौथ्या वेळी स्वतःचा आवाज यायच्या आधीच त्या उठून चहा ठेवायला आत गेल्या.